मदत हवी आहे : १०८ ला फोन लागल्यावर पोडाचा पत्ता नेमका कसा सांगावा?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात, तेलंगणाच्या सीमेला लागून असलेल्या आमच्या ग्रामपंचायतीत मी सदस्य आहे. आमच्या हद्दीत एक कोलाम पोडही (कोलाम आदिवासींची वस्ती) येतो. पेरणीपासून फवारणीपर्यंतच्या दिवसांत सर्पदंश आणि विषबाधा या दोन्हींची धास्ती असते, म्हणून पोडावरील अंगणवाडीच्या भिंतीवर तातडीच्या फोनविषयी ठळक सूचना रंगवून घ्यायच्या आहेत. मजकुराबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

क्रमांकांविषयी शंका नाही : रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर माता व तान्ह्या बाळांसाठी १०२, पोलीस किंवा अग्निशमन हवे असल्यास, अथवा काहीच सुचत नसल्यास ११२. खरी अडचण पत्त्याची आहे. ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात घेतला जातो. तेथील माणसाला ‘मारोतीच्या पारापासून आत या’ असे सांगून काय कळणार? शिवाय वडगाव, सावंगी, पिंपळगाव ही नावे विदर्भात जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतात. म्हणून ‘आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, शेवटी पोड’ असा क्रम लिहावा, असे मला वाटते. त्याखाली, समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये आणि त्यानंतर तोच फोन मोकळा ठेवावा, कारण रुग्णवाहिकेचा चालक त्याच क्रमांकावर रस्ता विचारतो, हेही लिहिणार आहे. पोरांनी खेळता खेळता क्रमांक दाबलाच, तर घाबरून फोन न कापता ‘चुकून लागला’ असे सांगावे, ही ओळ आशाताईंनी सुचवली आहे आणि ती मला पटली.

आता दोन प्रश्न. पोडावर काही वेळा सीमेपलीकडच्या टॉवरची रेंज लागते आणि समोरून तेलुगूत विचारणा होते; अशा वेळी ‘महाराष्ट्र, यवतमाळ जिल्हा’ एवढे सांगितल्यावर फोन इकडे वळवून मिळतो का, की कापून पुन्हा लावणे बरे? दुसरे म्हणजे, पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीचा असा चिखल होतो की ट्रॅक्टरचीही चाके रुततात. सर्पदंश झालेल्या माणसाला चालवू नये, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, हे ठाऊक आहे. परंतु त्याला खाटेवर निजवून डांबरी फाट्यापर्यंत आणण्याचे आम्ही पहिल्याच फोनमध्ये सांगितले, तर रुग्णवाहिकेसाठी फाट्याचाच पत्ता नोंदवून घेतात का?