मदत हवी आहे: अहिराणी बोली की भाषा?

मंडळी, शनिवारी धुळ्यात अकरावीच्या वर्गापुढे ‘बोली आणि भाषा’ यावर पंधरा मिनिटं बोलायचंय आणि अहिराणीपाशी गाडं अडलंय.

आम्ही शाळेत शिकलो ते असं, की अहिराणी ही मराठीची बोली. पण २०११च्या जनगणनेत ‘खानदेशी’ (अहिराणी तिच्यातच धरतात) मराठीखाली नाही, वेगळी मोजली आहे. भारतातल्या भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननेही ती भिल्लीच्या, म्हणजे भिल्लांच्या भाषेच्या, जोडीला ठेवली होती.

लिपीची कसोटी बाद, कारण हिंदी-नेपाळीही देवनागरीतच. राजमान्यताही पटत नाही. कोकणी १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, म्हणजे १९९१पर्यंत ती बोली होती का? (‘सैन्य असलेली बोली म्हणजे भाषा’ हे वाक्य माहीत आहे, ते नको.)

उरलं आकलन. ‘तू काय करी ऱ्हायना?’ हे पुण्याच्या मित्राला लगेच कळलं. मग घरातल्या दोन आज्या भरभर बोलायला लागल्या तेव्हा गडी नुसता हसत बसला. आज्यांना मात्र टीव्हीवरची मराठी सगळी समजते. याला जवळीक म्हणायचं की सवय?

शुद्ध-अशुद्धचा वाद नको. निम्मी मुलं घरी अहिराणीच बोलतात, त्यामुळे नमुने रोजच्या बोलण्यातले हवेत. मला ‘करी ऱ्हायना’ची ठेवण मराठी ‘करतोयस’पेक्षा गुजराती ‘करी रह्यो छे’च्या जवळची वाटते. वेगळी भाषा म्हणायला असा क्रियापदाचा फरक पुरतो का, की भाषाशास्त्रात आणखी काही पाहतात?