मदत हवी आहे: सिटी व्हीटेकचा स्विचओव्हर (छोट्या कॅमवरून मोठ्या कॅमवर जाणं) नेमका किती आरपीएमवर ठेवू? (कोल्हापूर)

रंकाळावेस_०९

नमस्कार मंडळी. गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ ची, वडिलांनी घेतलेली. म्हणून विकायची नाही, जपायची आहे. गेल्या वर्षी इंजिन उतरवलं. उद्यमनगरात बोअर करून ०.२५ मिमी ओव्हरसाइज पिस्टन घातले, व्हॉल्व्ह सीट नवीन कापून घेतल्या. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मूळचाच आहे. बाहेरून ४-२-१ हेडर (एक्झॉस्टचे पाइप), रुंद सायलेन्सर पाइप आणि मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे हवा तसा सेट करता येणारा, ईसीयू बसवलाय. वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा) कायमचा लावलेला आहे.

ट्यूनिंग बाहेरगावच्या एकाकडून करून घेतलं. त्यांनी स्विचओव्हर ४२०० वर आणला. "मोठा कॅम लवकर लागला की ताकद जास्त" असं त्यांचं म्हणणं.

प्रत्यक्षात तिसऱ्या गिअरला फुल थ्रॉटल दिला की ४२०० ला आवाज भरदार होतो, पण ओढ पडते. ५१००-५२०० पर्यंत कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखं वाटतं आणि मग एकदम सुटते. वाइडबँडवर आधी १२.८ असतो, स्विच होताना १४.२ दिसतो आणि पुढे १३.५ वर रेंगाळतो. पन्हाळ्याचा घाट चढताना तर वेगळाच त्रास. अर्ध्या थ्रॉटलला ४२०० च्या आसपास राहिलं की कॅम लागतो-सुटतो, लागतो-सुटतो. गाडी हिसके देते.

दोष स्विचओव्हरच्या पॉइंटचा की ऑइल प्रेशरचा? आणि पॉइंट वर नेला तर खालची ताकद जाईल का? दोन महिने झोप नाही राव, खरंच सांगतो.

लेथवाले_काका

भावा, पॉइंट आधी पाहू. ऑइलकडे नंतर येऊ.

व्हीटेकमध्ये इनटेकच्या प्रत्येक जोडीला तीन रॉकर असतात. कमी आरपीएमला बाजूचे दोन आपापल्या छोट्या लोबवर (कॅमच्या उंचवट्यावर) चालतात, मधला नुसताच हलत असतो. सोलेनॉइड (ऑइलचा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडला की ऑइलचं प्रेशर रॉकरमधली पिन सरकवतं, तिन्ही एक होतात आणि मधल्या मोठ्या लोबवर चालायला लागतात. मोठा लोब म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो आणि जास्त वेळ उघडा राहतो. गोची इथेच आहे. इनटेक उशिरा बंद होतो. आरपीएम जास्त असेल तर आत येणाऱ्या हवेला वेग असतो, पिस्टन वर यायला लागला तरी ती आत घुसत राहते. आरपीएम कमी असेल तर तीच हवा पिस्टन परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. सिलेंडर कमी भरतो, टॉर्क पडतो. तुझी ४२०० ते ५१०० मधली खोट ही आहे. ताकद लवकर येत नाही, उलट लवकर जाते.

त्यात तू ४-२-१ हेडर लावलास. तो मधल्या आरपीएमला छोट्या कॅमलाच बळ देतो, म्हणजे योग्य पॉइंट मूळपेक्षा वरच सरकला असणार. अंदाजाने आकडा सांगणारा मी नाही. डायनोवर (चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जा आणि दोन पुल (फुल थ्रॉटलला आरपीएम चढवत केलेली मोजणी) घे: एक पूर्ण छोट्या कॅमवर, साधारण ६००० पर्यंत, दुसरा पूर्ण मोठ्या कॅमवर, ३००० पासून वर. दोन्ही टॉर्कच्या रेषा एकावर एक ठेव. जिथे एकमेकींना कापतात तोच तुझा पॉइंट. तिथे स्विच केलं तर हाताला काही जाणवणारच नाही. पोरं "किक" शोधतात, पण किक जाणवली म्हणजे पॉइंट उशिरा आहे, त्याआधीचा टॉर्क वाया गेलेला आहे.

एक मात्र विसरू नको. छोट्या आणि मोठ्या कॅमचे पेट्रोल आणि इग्निशन टेबल वेगवेगळे असतात. १४.२ दिसतो म्हणजे मोठ्या कॅमच्या टेबलातले त्या भागातले कप्पे नीट भरलेले नाहीत. पुलच्या आधी ते १२.५ ते १३ मध्ये आण, मगच तुलना खरी. लीन (पेट्रोल कमी असलेल्या) मिक्श्चरवर रेषा कापून बघितल्या तर चुकीचा आकडा हाती येईल, आणि नॉकिंगने (मिश्रण अवेळी पेटल्याने) पिस्टन जाईल तो वेगळाच. रस्त्यावर हे प्रयोग करू नको, हात जोडून सांगतो.

शिरोली_एमआयडीसी

ऑइलचंही बघा. सोलेनॉइडच्या गास्केटमध्ये बारीक जाळी असते, जुन्या गाडीत ती गाळाने भरते. मोजक्या बोल्टचं काम आहे. शिवाय प्रेशर स्विचची वायर ईसीयूच्या लॉगला जोडा. सोलेनॉइडला करंट गेला आणि प्रेशर किती वेळाने आलं ते दिसेल. समजा ०.१ सेकंद उशीर आहे आणि दुसऱ्या गिअरला सेकंदाला २००० आरपीएम चढतात, तर कॅम २०० आरपीएम उशिरा लागतो. तिसऱ्या गिअरला तोच उशीर कमी दिसेल.

घाटातल्या हिसक्यांचं कारण हिस्टेरेसिस नसणं, म्हणजे लागायच्या आणि सुटायच्या आकड्यांत अंतर नसणं. लागायचा आणि सुटायचा आकडा एकच असणार. निदान २०० चं अंतर ठेवा. आणि मॅपची (इनटेक मॅनिफोल्डमधल्या हवेच्या दाबाची) अट घाला, म्हणजे थ्रॉटल थोडासाच उघडा असताना मोठा कॅम लागणारच नाही. ती घालताना एक लक्षात घ्या, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहे. फुल थ्रॉटललाही मॅप ९५ किलोपास्कलच्या आसपास थांबेल, पन्हाळ्यावर आणखी कमी. अट ९५ वर ठेवली तर वर घाटात कॅम कधीच लागणार नाही.

रंकाळावेस_०९

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. जाळी काढली. निम्मी बुजलेली होती, साफ करून नवीन गास्केट टाकलं. मग पुण्याला डायनोवर जाऊन आलो.

आधी मोठ्या कॅमचं टेबल ४००० पासून नीट भरून घेतलं, १२.८ वर आणलं. मग दोन पुल. चाकावर ४५०० ला छोटा कॅम ११८ न्यूटन मीटर, मोठा १०९. ५००० ला ११७ आणि ११४. ५२०० ला दोन्ही ११६. ५५०० ला छोटा ११० वर आला आणि मोठा ११८ वर गेला. म्हणजे ४२०० ला स्विच करून मी हजारभर आरपीएम हातचा टॉर्क सोडत होतो.

आता ५२०० ला लागतो, ५००० ला सुटतो. आवाज बदलतो, ओढ तुटत नाही. वडिलांना शेजारी बसवून नेलं. ते म्हणाले, "आता नवी घेतली होती तशी वाटतीया."

अर्ध्या थ्रॉटलचं अजून राहिलंय. मॅपची अट सध्या ७० वर ठेवलीय. घाटात हिसके गेले, पण काका, अर्ध्या थ्रॉटलला रेषा वेगळ्या ठिकाणी कापत असतील तर त्यासाठी ५० आणि ७० वर वेगळे पुल घ्यावेत का? पुढच्या महिन्यात पुन्हा डायनोची वेळ घेतलीय, त्याआधी सांगा.