क्यूब्स ओएस: १६ जीबी रॅम असूनही लॅपटॉप मंद

प्रश्न

नमस्कार. मी वकिली करतो. अशिलांची कागदपत्रे इतर कामांपासून अलग राहावीत म्हणून दोन महिन्यांपूर्वी लॅपटॉपवर क्यूब्स ओएस ४.२ ही प्रत्येक काम 'क्यूब' नावाच्या वेगळ्या आभासी यंत्रात चालवणारी प्रणाली बसवली. प्रोसेसर चार कोअर, आठ थ्रेडचा आहे, रॅम १६ जीबी आणि डिस्क एसएसडी. याच यंत्रावर साधे लिनक्स विनातक्रार चालत असे. आता तीन-चार क्यूब उघडले की ब्राउझरचा टॅब बदलायलाही चार-पाच सेकंद जातात, व्हिडिओ लावताच पंखा घोंघावतो, आणि नवा क्यूब सुरू करताना मेमरी अपुरी असल्याचा संदेश कधीकधी येतो. कामाच्या क्यूबचा वेग वाढावा म्हणून त्याला ६,००० एमबी मेमरी दिली आणि मेमरी बॅलन्सिंगची (गरजेनुसार क्यूबांमध्ये मेमरी वाटून देण्याची) खूण काढून टाकली, तरी उपयोग झाला नाही. हायपर-थ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणे) बंद असल्याचेही लक्षात आले. ते सुरू करावे का?

प्रतिसाद १

आपण केलेला उपायच बहुधा दुखण्याचे मूळ आहे. बॅलन्सिंग बंद केल्यामुळे ते ६,००० एमबी त्या क्यूबने अडवून ठेवले आहेत. त्यातले निम्मे रिकामे असले तरी दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. डॉम-झिरो, म्हणजे सर्व क्यूब सांभाळणारा मुख्य भाग, मूळ रचनेत ४ जीबीपर्यंत घेऊ शकतो. नेटवर्क सांभाळणारा सिस-नेट आणि यूएसबी सांभाळणारा सिस-यूएसबी या क्यूबना प्रत्यक्ष उपकरणे जोडलेली असल्याने तेही बॅलन्सिंगच्या बाहेर असतात. म्हणजे उरलेल्या पाचेक जीबीत सिस-फायरवॉल, ब्राउझर, टपाल आणि जे काही आपण उघडाल ते सगळे बसवायचे आहे. प्रत्येक क्यूब म्हणजे स्वतंत्र कर्नल (प्रणालीचा गाभा) असलेली पूर्ण लिनक्स प्रणाली, हे या हिशेबात विसरून चालत नाही.

खात्री करून घ्यायची असेल, तर डॉम-झिरोच्या टर्मिनलमध्ये झेनटॉप ही कमांड चालवून कोणता क्यूब किती मेमरी आणि सीपीयू घेतो ते पाहा, आणि यंत्र अडखळत असतानाच ब्राउझरच्या क्यूबमध्ये 'फ्री' ही कमांड द्या. स्वॅप (मेमरी कमी पडल्यावर वापरली जाणारी डिस्कवरची जागा) भरलेला दिसला, तर शंका उरत नाही. मग कामाच्या क्यूबची खूण पुन्हा लावून सुरुवातीची मेमरी ४०० आणि कमाल ४,००० एमबी ठेवा.

प्रतिसाद २

वरील निदानाशी सहमत आहे. हायपर-थ्रेडिंगला मात्र हात लावू नका. २०१८ मध्ये एल-वन टर्मिनल फॉल्ट हा इंटेल प्रोसेसरमधला दोष उघड झाला. एका कोअरवरचे दोन थ्रेड कॅश (प्रोसेसरमधली वेगवान मेमरी) वाटून घेत असल्याने एका क्यूबमधील कोडला शेजारच्या क्यूबची माहिती डोकावून पाहता येण्याचा धोका होता. म्हणून क्यूब्समध्ये हायपर-थ्रेडिंग झेनच्याच, म्हणजे सगळे क्यूब चालवणाऱ्या पायाभूत थराच्याच, पातळीवर बंद ठेवले जाते. अशिलांची कागदपत्रे वेगळी ठेवण्यासाठीच हा खटाटोप आहे, तेव्हा थोड्या वेगासाठी तीच भिंत पाडण्यात अर्थ नाही.

पंख्याचे कारण वेगळे आहे. ग्राफिक्स कार्ड फक्त डॉम-झिरोकडे असते. क्यूबमधला व्हिडिओ सीपीयूला एकट्याने उलगडावा लागतो. त्यामुळे ७२० पिक्सेलवर समाधान माना आणि शक्य तेथे एच-२६४ हे व्हिडिओचे स्वरूप निवडा, कारण व्हीपी-नाइन व एव्ही-वन या स्वरूपांचा भार अधिक पडतो. प्रोसेसरच्या वारंवारतेचे नियंत्रणही झेनकडे असल्याने ती 'झेनपीएम' या कमांडने तपासावी. लिनक्सची नेहमीची साधने इथे फसवतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. ब्राउझरच्या क्यूबमध्ये १,०२३ पैकी ८७० एमबी स्वॅप वापरात होता. सांगितल्याप्रमाणे खूण लावून सगळे क्यूब पुन्हा सुरू केले; टॅब आता लगेच बदलतात आणि मेमरीचा संदेश आलेला नाही. हायपर-थ्रेडिंग बंदच ठेवले आहे. दृक्श्राव्य माध्यमातून होणाऱ्या सुनावणीत मात्र चित्र अजून अडखळते. त्या क्यूबला दोनऐवजी चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) दिल्याने किंचितच फरक पडला.

प्रतिसाद १

तेथे फारसे काही हाती लागणार नाही. कॅमेऱ्याचे चित्र सिस-यूएसबीतून दुसऱ्या क्यूबकडे जाते आणि तेथे पुन्हा सीपीयूवरच उलगडते. दोन्हीकडे भार पडतो. मी स्वतः अशा बैठकांसाठी फोन स्टँडवर लावतो आणि लॅपटॉपवर फक्त कागदपत्रे उघडी ठेवतो.