सिंधुदुर्गातला सिरीयस पेशंट बांबोळीलाच का जातो?

तिलारीकाठ
"सरकारी म्हणजे मरायला, खाजगी म्हणजे जगायला" हे वाक्य परवा परत ऐकलं. आमच्या जिल्ह्यात तर उलटंच दिसतं. डोक्याला मार लागलेला बाईकवाला किंवा अटॅक आलेला माणूस कुडाळ-सावंतवाडीच्या खाजगी दवाखान्यात नेला, की तिथलेच डॉक्टर सांगतात, "वेळ घालवू नका, बांबोळीला न्या." बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज सरकारी आहे. मग दर्जा नक्की कुणाकडे?

घाटावरचा
११ मे २०२१ विसरलात? त्याच बांबोळीत पहाटे दोन ते सहा या वेळात २६ कोविड रुग्ण गेले. आकडा खुद्द गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी दिला होता. ऑक्सिजन पुरत नव्हता. नामवंत प्रोफेसर असून काय उपयोग, खाटेपेक्षा पेशंट जास्त झाले की दर्जा संपला. खाजगीवाला खाटा भरल्या की दार बंद करतो, म्हणून आतल्यांना नीट सेवा मिळते.

तिलारीकाठ
दार बंद करता येतं म्हणूनच दर्जा टिकतो, हे तुम्हीच म्हणालात. बाहेर राहिलेला माणूस कुठे जातो? ज्याला 'नाही' म्हणायची सोय नाही तिथेच. त्याची गर्दी मोजून सरकारीला नापास करायचं, हा कुठला न्याय?
आणि पैसे? २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, बाळंतपणं सोडून, एकदा ॲडमिट होण्याचा सरासरी खर्च सरकारीत सुमारे ४,४५० रुपये होता, खाजगीत सुमारे ३१,८५०. सीझरचं तर विचारूच नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात सरकारीत १४.३ टक्के बाळंतपणं सीझरने, खाजगीत ४७.४!

तालुक्याचा डॉक्टर
मी खाजगी, म्हणजे इथला खलनायक. सीझरचा आकडा जरा उलटून बघा. सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल तर सीझर होतच नाही, बाई पुढे पाठवली जाते. रात्री दोनला ती माझ्या दारात येते आणि मोजली जाते खाजगीच्या खात्यात. १४ टक्के हा सगळाच संयमाचा आकडा नाही, त्यात रिकाम्या पदांचाही वाटा आहे. ४७ चं पूर्ण समर्थन मी करणार नाही. शहरात मुहूर्तावर सीझर होतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.
बांबोळीला पाठवतो कारण माझ्याकडे न्यूरोसर्जन नाही. दहा-पंधरा खाटांच्या दवाखान्याला तो परवडणारही नाही. पण पाठवण्याआधी श्वासनळीत नळी घालून पेशंट जिवंत कोण ठेवतं?

मांडवीपार
गोव्यातून लिहितोय. कोकणातले लोक बांबोळीचं कौतुक करतात, बरं वाटतं. पण त्या खाटा गोव्याच्या करातून उभ्या आहेत. जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्यांना शुल्क लावलं तेव्हा केवढी बोंब झाली! आमचा अटॅकचा कार्यक्रम बघा: छोट्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढतात, तो बांबोळीचे हृदयतज्ज्ञ बघतात आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथल्या तिथे फुकट देतात. हे सरकारीच आहे. महाराष्ट्राला कोणी अडवलंय?

दोडामार्गवाली
कोणाक हौस नाय बांबोळीक जावची! तिलारीचा पाणी गोव्याक जाता, धरणात जमनी आमच्या गेल्यो. आमची पोरा तुमच्या कंपन्यांनी राबतत. खाटेचो हिशोब करतास तर ह्योव करा.

मांडवीपार
धरणाच्या खर्चात गोव्याचा वाटा आहे, बाई. पोरांच्या बाबतीत मान्य.

घाटावरचा
पाण्यावर कुठे गेलात! सरळ उपाय आहे. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य विमा योजनेत आता पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, २०२३ च्या निर्णयाने रेशनकार्डाच्या रंगाची अटही गेली. सरकारने इमारती बांधत बसू नये, खाजगीकडून खाटा विकत घ्याव्यात.

तालुक्याचा डॉक्टर
विकत घ्या, पण परवडेल त्या दराने आणि वेळेवर. पैसे लटकले की छोटा दवाखाना योजनेतून बाहेर पडतो, उरतात कॉर्पोरेट. ते दोडामार्गात येणार आहेत का?

तिलारीकाठ
घाटावरचे साहेब, हाच माझा मुद्दा. जिथे खाटच नाही तिथे कार्ड दाखवायचं कुणाला? आमच्याच जिल्ह्यात, ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज २०२१-२२ पासून सुरू झालंय. अपघातातला प्रत्येक सिरीयस पेशंट तिथेच थांबेल इतकी तिथली पदं भरा, मग बांबोळीची गर्दीही हटेल. विमा त्यानंतर.
डॉक्टरसाहेब, एक विचारतो. शुश्रूषागृह नोंदणीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे. तुमच्याकडे आहे?

तालुक्याचा डॉक्टर
आहे, रिसेप्शनच्या शेजारीच. वाचत कोणी नाही. नातेवाईक विचारतात ते "एकूण किती होतील?" आणि आयसीयूत पहिल्या दिवशी त्याचं खरं उत्तर माझ्याकडेही नसतं. मी अंदाज सांगतो, तो चुकला की लुटारू ठरतो.

दोडामार्गवाली
अंदाज नेहमी वरच कसो चुकता, डॉक्टरानू?