प्रति: ठाण्यात खायला कुठे जावं?
'मामलेदारची मिसळ म्हणजे नुसता जाळ, चव कळतच नाही' हे वरचं मत मला पटलं नाही. झणझणीत आहे खरी, पण तिखट, मध्यम, कमी असं सांगून घेता येतं. माझ्या आईला तिखट सोसत नाही. ती आली की तिच्यासाठी कमी तिखट सांगतो आणि सोबत ताक. एकदा तरी तहसील कचेरीजवळच्या (म्हणजेच मामलेदार कचेरीजवळच्या) मूळ जागीच जा, नावसुद्धा त्या कचेरीवरूनच पडलंय.

आणि एवढ्या चर्चेत गजाननचा वडापाव कुणालाच कसा आठवला नाही? त्याच्याबरोबर बेसनाची पिवळी चटणी देतात, ती लसणाच्या लाल चटणीपेक्षा अगदी वेगळी. मी वड्याइतकाच त्या चटणीसाठी जातो, दुसऱ्यांदा मागून घेतो.