पीव्हीडीएफ-बेरियम टायटनेट फिल्म: परमिटिव्हिटी वाढली, ब्रेकडाउन निम्म्यावर

फिल्मकास्ट: डीएमएफ या द्रावकात विरघळवलेल्या पीव्हीडीएफमध्ये (फ्लोरिनयुक्त पॉलिमर) 100 नॅनोमीटरचे बेरियम टायटनेटचे (सिरॅमिक) कण, वजनाने 30 टक्के. काचेवर ब्लेडने ओढून खोलीतच वाळवलेली 12 मायक्रॉनची फिल्म. 1 किलोहर्ट्झला परमिटिव्हिटी (विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता) 10 वरून 15 झाली, पण ब्रेकडाउन (ज्या विद्युत फील्डला फिल्म फुटते ते) 300 वरून 150 मेगाव्होल्ट/मीटरवर आला. फिल्म दुधाळ आहे, 100 हर्ट्झखाली टॅन डेल्टा (उष्णतेत वाया जाणाऱ्या ऊर्जेचं माप) चढतो. फिल्लरची, म्हणजे टायटनेट कणांची, सरफेस ट्रीटमेंट कमी पडते का?

कोरडाडबा: आधी वाळवणं बघा. डीएमएफ हवेतली वाफ ओढून घेतं. पाणी शिरलं की पीव्हीडीएफ साखळतं आणि फिल्ममध्ये बारीक पोकळ्या राहतात. त्या पोकळीतच आधी डिस्चार्ज होतो. फिल्म ओढल्या ओढल्या काच 80 अंशांच्या हॉटप्लेटवर ठेवा, मग रात्रभर व्हॅक्यूम ओव्हन, शेवटी 200 अंशांवर 10 मिनिटं आणि थेट बर्फाच्या पाण्यात.

नुसत्या रंगावर जाऊ नका, टायटनेटही पांढरंच. तुकड्याची घनता काढा. तुमच्या मिश्रणाची साधारण 2.25 ग्रॅम/घनसेंमी यायला हवी. बरीच कमी आली तर पोकळ्या आहेतच.

डीईलूप: वजनाने 30 म्हणजे आकारमानाने जेमतेम 11 टक्के, कारण टायटनेटची घनता 6.02 आणि पीव्हीडीएफची 1.78. पेपरमधल्या आकड्यांशी ताडताना बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आणि हिशेब मांडा. साठणारी ऊर्जा परमिटिव्हिटीच्या एका घाताने वाढते, पण फील्ड उतरलं की त्याच्या वर्गाने घटते. रेषीय सूत्राने 4 ज्यूल/घनसेंमीवरून तुम्ही 1.5 वर आलात. तेही ढोबळच, पीव्हीडीएफ फेरोइलेक्ट्रिक आहे, म्हणजे त्याचं ध्रुवीकरण फील्डच्या सरळ प्रमाणात नसतं. खरी डिस्चार्ज ऊर्जा डी-ई लूपवरूनच (विद्युत विस्थापन विरुद्ध फील्ड असा आलेख) काढा. माझ्या मते आकारमानाने 3 टक्क्यांवर (वजनाने साधारण 9.5) उतरा. कणाची परमिटिव्हिटी पॉलिमरच्या कितीतरी पट, त्यामुळे फील्ड कणाच्या कडेच्या पॉलिमरमध्ये दाटतं. दोन कण चिकटले की मधल्या फटीत आणखीच.

फिल्मकास्ट: कणांवर सरफेस ट्रीटमेंट म्हणून अमिनो सिलेन (अमाइन गट असलेलं सिलिकॉन संयुग) आहे. फिल्मला किंचित तपकिरी झाकही दिसते.

कोरडाडबा: मग संशयित पक्का: ते अमिनो सिलेनच. अमाइन पीव्हीडीएफमधून हायड्रोजन फ्लोराइड काढतं, साखळीत दुहेरी बंध तयार होतात, रंग चढतो आणि लीकेजही (फिल्ममधून झिरपणारा करंट) वाढतं. अमाइन नसलेलं सिलेन घ्या, जादा सिलेन इथेनॉलने दोन-तीनदा सेंट्रिफ्यूज करून धुवा. कण आधी नुसत्या डीएमएफमध्ये सोनिकेट करा, पॉलिमर नंतर. घट्ट द्रावणात गुठळ्या फुटत नाहीत.

डीईलूप: टॅन डेल्टासाठी एक सोपी चाचणी: तीच फिल्म व्हॅक्यूममध्ये पुन्हा वाळवून मोजा. उतरला तर उरलेलं डीएमएफ किंवा ओल. तसाच राहिला तर आयन किंवा कण-पॉलिमर सीमेवरचं ध्रुवीकरण. ब्रेकडाउन सिलिकॉन तेलात बुडवून घ्या, नाहीतर कडेवरून फ्लॅशओव्हर होतो (ठिणगी फिल्मला वळसा घालते) आणि तो आकडा फिल्मचा नसतो. किमान 15 ठिकाणी मोजून वायबुल (आकड्यांचं विखुरणं दाखवणारं सांख्यिकी वितरण) लावा. त्यातला बीटा लहान, म्हणजे आकडे विखुरलेले आले तर सरासरीवर विसंबू नका, फिल्मच असमान आहे.