मदत हवी आहे: डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या

नमस्कार मैत्रिणींनो, वय ४१, सोलापूर. रोज दुपारी स्कूटीवरून फिरतीचं काम. वर्षभरात डोळ्यांच्या कडेला आणि कपाळावर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या आहेत. आईच्या सांगण्यावरून साय-बेसन लावते, त्वचा मऊ होते, पण रेषा तशाच. लिंबू लावलं तर इतकी आग झाली की पुन्हा नाव नको!

उन्हामुळे सुरकुत्या लवकर पडतात हे कळल्यापासून एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणि स्कार्फ सुरू केलाय. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं म्हणतात, पण घामेजल्या चेहऱ्यावर तुम्ही कसं लावता? रात्री रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी लावतात ते व्हिटॅमिन ‘ए’चं क्रीम) कुणी वापरलंय का? माझी त्वचा कोरडी आहे, सुरुवात आठवड्यातून किती वेळा करू? स्वतःचा अनुभव असेल तर नक्की सांगा.